पंखाला सुपाची कड

मंगरूळपीर,
५ मार्च १९७८

चि. हुकूमचंद,

ताईचा जयजिनेंद्र आणि आशीर्वाद. पोटाची तक्रार कशी आहे? सूर्यास्ताआधी जेवतोस ना? (बंगलोरलाही सूर्य मावळतोच.) इकडे सगळे खुशाल. फक्त शेजारची सोजरबाई माझ्याशी बोलत नाही, आणि त्याला कारण तू आहेस.

तू लिहिलंस, विमानाच्या पंखाखालची हवा टोकाशी वर निसटते, तिचा भोवरा होतो आणि तो विमानाला मागे ओढतो. टोकं वर वळवली तर इंधन वाचेल. पण साहेब हसले, म्हणून नोकरी सोडून भाऊजींच्या दुकानात बसायला येतोस. पत्र वाचलं तेव्हा मी गहू पाखडत होते. सुपाला कड नसती तर दाणे असेच निसटले असते. यात हसण्यासारखं काय? ठरवलं, आपणच करून बघायचं.

बांबूच्या कमच्या आणि पतंगाचा कागद यांचं विमान केलं. माडीवरून सोडलं, अंगणाच्या टोकापर्यंत गेलं. मग सूप लिंपतो तसा कागदाचा लगदा वाटलेल्या मेथीत मळून त्याची उभी टोकं बसवली. विमान थेट खाली, सोजरबाईच्या वाळत घातलेल्या मिरच्यांत. "राजमतीबाई, काहून माह्या मिरच्या कुटून राह्यल्या वरून?" तेव्हा कळलं, टोकंच जड झाली तर वाचवलेलं सगळं तीच खाणार. मग जुन्या मलमलीवर लगद्याचा पातळ हात फिरवला. वाळल्यावर टोकं पापडासारखी हलकी आणि ताठ. या वेळी विमान मिरच्या ओलांडून, रस्ता ओलांडून गेलं! मी पोचेपर्यंत सोजरबाईच्या बकरीनं एक टोक खाल्लं होतं. (मेथी घातली मी, तिचा काय दोष?) तुझे भाऊजी म्हणाले, "चाल, एकानं तरी पास केलं तुह्या भावाचं इमान."

उरल्या एका टोकावर सोडून पाहिलं, तर ते गिरक्या घेत दुकानात शिरलं आणि तुला हव्या असलेल्या गादीवरच आपटलं. अर्धवट सोडलेल्या गोष्टी तिथंच येऊन पडतात, बाळा.

तुझी,
ताई

ता. क. खरं सांगते, रस्ता ओलांडला तेव्हा वारा मागून होता. करामत टोकांची की वाऱ्याची, मला कळायला मार्ग नाही. इथं वारा थांबवता येत नाही. तुमच्याकडे वारा हवा तसा सोडून बघायचा हवेचा बोगदा आहे ना? मग तिथंच राहा, आणि साहेबांना पुन्हा विचार.

आणखी ता. क. उरलेलं टोक सोबत पाठवते. मेथीचा वास साहेबांनी सोसावा. गादीवर जागा नाही, नवं विमान वाळत घातलंय.