मी मीच आहे, पुरावा सोबत जोडला आहे

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार
जिंकलो! डार्ट्सवर. सहाशे चाळीस पाउंड! ज्या बेल्जियन गड्याला कुत्रंही विचारत नव्हतं, नेमके त्याच्यावर लावले होते. याला पारखी नजर लागते.
हा जुगार नाही. चकतीवर बाण फेकणं म्हणजे शुद्ध भूमिती, आणि मी अभ्यास करतो. जुगार मी २०२२ मध्ये सोडला. वीणाशेजारी बसून रीतसर ऑनलाइन फॉर्म भरला, की पाच वर्षं कुठलीही बेटिंग साइट मला दारात उभं करणार नाही. पुन्हा काही दिसलं तर मी बर्मिंगहॅमला इरावतीकडे जाईन आणि परत येणार नाही, असं वीणा तेव्हा म्हणाली होती. इरावती म्हणजे तिची धाकटी बहीण. पण या साइटने खातं उघडू दिलं, म्हणजे साइटच्या मते मी ठणठणीत आहे.
संकल्प: उद्या पैसे काढायचे, खातं बंद, विषय संपला. वीणाला कळायचं कारणच नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी १.१०
क्रॉयडन ऑफिसच्या टॉयलेटमधून लॉगइन. पासवर्ड चुकला. तीनदा. आठवड्यातून दोनदा मी स्टाफला पासवर्ड सिक्युरिटीचं ट्रेनिंग देतो, त्यामुळे माझा पासवर्ड कोणाच्या बापाला ओळखता येत नाही. मलाही नाही.
मग सिक्युरिटी प्रश्न: आईचं माहेरचं नाव. झाली का पंचाईत! आईचं लग्नात आडनावही बदललं आणि नावही. माहेरची चंद्रभागा निकम, सासरी सुमती. मग यांना काय हवंय? चंद्रभागा टाकलं, निकम टाकलं, दोन्ही टाकलं. खातं चोवीस तास लॉक. शेजारच्या डेस्कवरच्या सतीशने बाहेरून विचारलं, ठीक आहेस ना? पोट बिघडलंय म्हणालो.

९ नोव्हेंबर, रविवार
आत शिरलो. उत्तर 'चिमी' होतं. आजोळी आईला चिमी म्हणायचे. याला म्हणतात सिक्युरिटी.
पैसे काढायचं बटण दाबलं तर म्हणे ओळख पटवा. पासपोर्टचा फोटो टाकला. पाच मिनिटांचं काम.

११ नोव्हेंबर, मंगळवार
रिजेक्ट. खात्यावर जन्मतारीख २७ ऑक्टोबर, पासपोर्टवर १ जून. अरे बाबांनो, जुळेल कशी! मी जन्मलो वसुबारसेला. शाळेत नाव घालताना वय भरेना, म्हणून हेडमास्तरांनी १ जून ठोकून दिली. आमच्या वर्गात सत्तेचाळीस पोरं आणि सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी. बँक, व्हिसा, पेन्शन, मी सगळीकडे १ जूनच लावतो. इथे मात्र खरी टाकली. खरी तारीख शुभ असते म्हणून. दुसरं काही कारण नाही.
हे सगळं चार्ली नावाच्या कस्टमर सर्व्हिसवाल्याला सविस्तर लिहिलं. दोन पानं झाली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
चार्लीचं उत्तर. हाय मुरलीधर, किती सुंदर गोष्ट, कृपया हेडमास्तरांचं पत्र अपलोड करा. हेडमास्तर १९८९ साली वारले, असं कळवलं. चार्लीला फार वाईट वाटलं. त्याने मृत्यूचा दाखला मागितला.
डोकं फिरलं. शेवटी लिहिलं, घाला बाबा १ जून. ती घातली. आता पत्त्याचा पुरावा हवाय.

१५ नोव्हेंबर, शनिवार
घरात माझ्या नावाचं एक बिल नाही! गॅस, वीज, कौन्सिल टॅक्स, सगळं वीणाच्या नावावर. २०२२ पासून मी फायनान्स तिच्याकडे डेलिगेट केलाय. पगारासकट. लंचचे पैसे तेवढे ती माझ्या कार्डावर टाकते, त्यातूनच हा अभ्यास चालतो.
ती भाजीला गेली होती तेवढ्यात सगळे ड्रॉवर उपसले. हाती लागलं ते आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं पत्र, घरी शी तपासायच्या किटबरोबर आलेलं. फोटो काढून टाकलं. तेवढ्यात वीणा आली आणि माझ्या हातात ते किट. म्हणाली, करतोयस एकदाचं! तिचे बाबा त्याच आजाराने गेले. इतकी खूश झाली की साबुदाण्याची खिचडी केली. मला कसंतरीच झालं. फार नाही.
आता ती तपासणीही करावी लागणार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
आता सेल्फी व्हिडिओ! बाथरूममध्ये उभा राहून मान डावीकडे, मान उजवीकडे, हसा. चार वेळा नापास. चेहरा नीट दिसत नाही म्हणे. पंचावन्न वर्षांत कोणी तक्रार केली नव्हती. पाचव्यांदा चष्मा काढला, तेव्हा पास.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
व्हेरिफाइड!! हिरवी टिकमार्क!
दोन मिनिटांनी दुसरी ईमेल. १ जून टाकून तपासलं तर तुमचं नाव स्वतःहून बंदी घालून घेतलेल्यांच्या यादीत सापडलं. खातं बंद. जिंकलेले रद्द. आजवर भरलेले अकराशे तीस पाउंड कार्डावर परत.
अकराशे तीस? मी फार तर दोनशे धरले होते.
म्हणजे मी दुसराच कोणी होतो तोवर सगळं ठीक होतं! हलकट लेकाचे. खाली चार्लीने लिहिलंय, काळजी घे.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी यादीवाल्यांना फोन. नाव काढा म्हटलं. बाई शांतपणे म्हणाली, पाच वर्षं पुरी झाल्याशिवाय नाही. मी आवाज चढवला. सांगितलं, तो फॉर्म मी भरलाच नाही, बायकोने बळजबरीने भरायला लावला, मी तेव्हा भानावरही नव्हतो.
वळलो तर दारात वीणा. हातात कोथिंबिरीची जुडी.
ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, मी तर उद्या भर म्हणत होते, मुरली. तूच रडत होतास. आत्ताच भरू दे, उद्या माझा भरवसा नाही, असं तूच म्हणालास.
कोथिंबीर फ्रिजमध्ये ठेवली, बॅग भरली. चार-दहाच्या ट्रेनने गेली.

२३ नोव्हेंबर, रविवार
चार दिवसांत येईल. मनाची मऊ आहे. आल्यावर शांतपणे समजावून सांगायचं: आकडा मोठा दिसतो, पण सगळा परत मिळालाय.
संध्याकाळी ६. वीणा फोन उचलत नाही.
६.२०. इरावतीला लावला. तिने विचारलं, कोण बोलतंय? म्हटलं, मी मुरली. कोण मुरली, म्हणाली. मुरलीधर, वीणाचा नवरा, म्हटलं. माझ्या ओळखीत असा कोणी नाही, म्हणाली, आणि फोन ठेवला.
माझा नंबर तिच्याकडे सेव्ह आहे.