चौकात फाशी

४ ऑगस्ट
आज लातूरच्या कॉलेजात रुजू झाले! हदगावहून एक बॅग, कुकर आणि समाजशास्त्राची पुस्तकं घेऊन आले. कॉलेजमागे कस्तुराबाईंची वरची खोली मिळाली. बाईंनी आल्याआल्या ज्वारीची गरम भाकरी अन् ठेचा वाढला. इथं आपलं बरं जमणार.

७ ऑगस्ट
दुसऱ्या वर्षाला विचारलं, बलात्कार करणाऱ्याला काय शिक्षा द्यावी? त्रेपन्न चिठ्ठ्या. फाशी, चौकात फाशी, हातपाय तोडा. कायद्याचं पुस्तक एकानंही उघडलेलं नाही, जल्लाद मात्र सगळेच. वर्गप्रतिनिधी संगमेशनं बाकावर चढून भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मूर्खासारख्या.

१९ ऑगस्ट
दुपारी समीक्षा आली. मागच्या बाकावरची, कधी न बोलणारी. संगमेशनं तिला नोट्स देतो म्हणून रिकाम्या वर्गात बोलावलं, दार लावून घेतलं. सांगताना ती पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडबंद करत होती. तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. संध्याकाळी त्याला अटक झाली.

२२ ऑगस्ट
जल्लादांचं निवेदन आलं. एकावन्न सह्या, सतरा चुका. पोराचं आयुष्य बरबाद करू नका, ती हसून बोलायची, एकटी गेलीच कशाला. मुलींच्या सह्या सगळ्यात वर. त्यातल्या एकीला फाशीचं काय झालं विचारलं. म्हणाली, "मॅडम, ते बाहेरच्यांसाठी हो. संगमेश आपला हाय."

२५ ऑगस्ट
होस्टेलनं समीक्षाला काढलं. माझ्याकडे आणलं.
वर्गात शिरले तसे सगळे उभे राहिले. बसलेच नाहीत. अख्खा तास. नुसते बघत—

२६ ऑगस्ट
दुपारपासून खाली रस्त्यावर वीसेक जण. घोषणा नाहीत. वर बघतात, एवढंच.

२७ ऑगस्ट
आज पूर्ण वर्ग. जिन्यापर्यंत. कस्तुराबाई लेकीकडे निघून गेल्या. लई झालं, पोरीला घालवून द्या म्हणाल्या. पोलिसांना तीनदा फोन केला. निघालोच म्हणतात.

दुपारी तीन
दाराबाहेर तीच सहीवाली. आवाज केवढा गोड. "मॅडम, तुमच्यावर राग न्हाई आमचा. तिला तेवढं बाहेर पाठवा."
समीक्षा मोरीत. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिनं स्वतःच तोंडात ओढणी कोंबलीय.
दार हलतंय. वरची बिजागरी—
वही भिंतीला टेकवून लिहितेय. समीक्षा माझ्याकडे अशी का बघतेय? मी काही—
माझा डावा हात. कडीवर. मी ठेवला नाही, मी खरंच