इंजिनातली मळी आणि खंडेनवमीचे चार फोटो

श्री. कोंडीबा, वडील साडूसाहेब, मुक्काम नातेपुते, यांना सोलापूरहून हिंदुरावाचा ताठ मानेनं रामराम.

इकडं सगळं खुशाल. बजाबाईचा खोकला गेला, दिवाळीची साफसफाई निघालीय. तुमचा गुडघा कसा आहे? आक्कांना नमस्कार सांगा. आणि आता खाली बसून घ्या, कारण आपण जिंकलो! (आपण म्हणजे मी. तुम्ही हरलात.)

तुमच्या लेकीच्या, अपेक्षाच्या, साखरपुड्याचा दिवस तुम्ही विसरला असाल, मी मेलो तरी विसरणार नाही. वेळापूरच्या अलीकडं आमची गाडी खडखडली, तेलाचा लाल दिवा लागला आणि बसली ती बसलीच. नवरीचा काका ट्रॅक्टरमागं दोरखंडानं बांधून मांडवात आला. तेही मी गिळलं असतं हो. पण तुम्ही बॉनेट उघडलं, तेलाच्या तोंडात बोट घातलं आणि ते काळं बोट सगळ्यांना दाखवत काय म्हणालात? "हिंदुराव, तेल कदी बदललंच न्हाय की!" चौतीस वर्षं रेल्वेच्या डिझेल इंजिनांचं तेलपाणी केलेल्या माणसाला, पन्नास पाव्हण्यांसमोर! लई लागलं ते. त्या दिवशीची बासुंदी मला कडू लागली. (तीन वाट्या घेतल्या, पण अन्नाचा अपमान नको म्हणून.)

गाडी इथं ओढून आणली. मैनुद्दीन मिस्त्रीनं इंजिनाचं वरचं झाकण काढलं, तर साखर कारखान्याची मळी बरी असा काळा थर. शोरूमच्या शिवराज साहेबानं लांबूनच बघितलं आणि निकाल दिला: तेल न बदलल्यामुळं झालंय, हलगर्जीपणा, वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं, बाळा, तू रांगत होतास तेव्हा मी इंजिनाच्या पोटात झोपत होतो. तेलानं वरून खाली उतरायची वाट तुम्ही एवढी अरुंद केलीय की करंगळी जाईना. तेल वरच बसून करपणार नाही तर काय? दोष बनावटीचा! तर म्हणतो, पुरावा द्या. तिथंच फसला की! दर खंडेनवमीला मी तेलाचा नवाकोरा डबा आणतो, गाडीला हार, पान्यांना हळद-कुंकू, डब्यावर झेंडूचं फूल, आणि फोटो काढून सगळ्या पाव्हण्यांना पाठवतो. (तुम्ही कधी उलट अंगठासुद्धा पाठवला नाहीत.) चार वर्षांचे चार फोटो आणि चार पावत्या टेबलावर आपटल्या. साहेबानं ते सगळं वर कंपनीकडं धाडलं. आठ दिवसांत वरून कागद आला: 'ग्राहकाने वेळोवेळी तेल बदललेले दिसते. हलगर्जीपणा आढळत नाही.' नवं इंजिन फुकट, येत्या सोमवारी बसतंय. मैनुद्दीन तेवढा खाली मान घालून पाने पुसत म्हणाला, "चाचा, फोटो तो बहोत अच्छे हैं." माणूस मुळातच कमी बोलतो.

तेव्हा रविवारी जेवायला या. त्याच पन्नासातले जमतील तेवढे बोलावलेत. त्यांच्यासमोर तुम्ही एवढंच म्हणायचं, 'चूक बनावटीची होती, हिंदुरावाची नव्हती.' मग मी तुम्हाला मोठ्या मनानं माफ करीन.

आपला विजयी साडू,
हिंदुराव

ता. क. रविवारचं रद्द. शनिवारी एकटेच या, डिकी रिकामी ठेवून. बजाबाईला माळा झाडताना तेलाचे चार डबे सापडले. सील न फोडलेले, हळद-कुंकवासकट. पुजलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावत नाहीत, म्हणून मी डबा वर ठेवायचो. दुसऱ्या दिवशी दसरा, मग पाव्हणेरावळे, मग दिवाळी. पूजा झाली म्हणजे काम झालं, असंच मन धरून बसलं बघा. देवाशपथ, मला दरवर्षी तेल बदलल्यासारखंच वाटत होतं. तुमच्या गाडीला हेच तेल चालतं, गुपचूप घेऊन जा. आणि आक्कांना काही बोलू नका.

आणखी ता. क. वाट अरुंद आहे, हे मात्र खरंच आहे.

(हे बजाबाईचं अक्षर) दाजी, रविवारीच या, आक्काला घिऊन. येताना बासुंदी आना, ह्यांना मागली कडू लागलीया. चारी डबे देवाम्होरं मांडून ठेवलेत, समद्यांना दिसत्याल असे. शिवराज साहेबालाबी जेवायला बोलावलंय, फोन म्याच केला. त्यो कागद त्याला माघारी द्यायचाय.