मला क्षय नव्हता

मी आशाबाई बेवा गुणवंतराव गोहणे, वय अंदाजे पंचेचाळीस, धंदा लग्नाकार्यातला स्वयंपाक, राहणार सावली, जिल्हा चांदा, आज पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहवून ठेवते. दम लागत असल्याने थांबून थांबून सांगते आहे. डोके ठीक आहे.

आधी आजाराचे लिहावे, कारण पुढचे सगळे त्याच्यामुळे आहे. खोकला आणि दम सुरू झाला तेव्हा मला क्षय ठरवला गेला. सुया झाल्या, गुण आला नाही. लोकांनी स्वयंपाकाला बोलावणे बंद केले. माझे दीर लटारूभाऊ भर पंगतीत उभे राहून म्हणाले, "इच्या हातचं खाऊ नका, सारं गाव खोकलत राहीन." माझी मुलगी चंदा हिची ठरलेली सोयरीक त्यानंतर मोडली. मीही चंदाला जवळ येऊ दिले नाही. ती ओसरीवर निजे, मी आत.

शेजारच्या नजमाबाईंनी हट्ट धरून मला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी मानेतली गाठ काढून तपासली. क्षयाचे जंतू निघाले नाहीत. आजाराचे नाव सारकॉइडोसिस. त्यात अंगात बारीक गाठी होतात; माझ्या फुप्फुसात झाल्या. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

मी विचारले, "मंग मी बरी होईन का?"

डॉक्टर म्हणाले, "गाठींसाठी गोळ्या आहेत. पण फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, तिथला दाब वाढलाय. त्या दाबापुढे रक्त ढकलून हृदयाची उजवी बाजू थकली आहे. त्यावर आमच्याकडे फारसा इलाज नाही."

खरे बोलले, म्हणून त्यांचा राग नाही. गोळ्यांनी खोकला कमी झाला, दम नाही. पाय सुजतात, ओठ निळे पडतात, विहिरीवर जाताना मूर्च्छा येते.

घरी येऊन चंदाला सगळे सांगितले. तिने एवढेच विचारले, "माय, माझं हातरून आत आणू?"

आता वाटणी.

राहते घर, अंगण व मागची सांदवाडी, म्हणजे परसाची जागा, मी स्वतःच्या कमाईने माझ्या नावे घेतली आहे. ती सर्व चंदाची. तिचे लग्न होवो न होवो, घर तिचेच. लटारूभाऊ विचारतात, "पोरीले घर कायले पायजे?" राहायला पाहिजे.

मोठे गंज, पराती आणि कढया नजमाबाईंना द्याव्यात. नागपूरहून आल्यावरही गावाने मला बोलावले नाही. त्यांनी आपल्या मुलीच्या, शहजादीच्या लग्नात एक पंगत माझ्यावर सोपवली. निम्मे पाहुणे न जेवता उठले, तरी त्यांनी मला चुलीवरून उठवले नाही. लहान कढई व झारा चंदाकडे राहावा. तिचा हात माझ्याहून चांगला आहे.

लटारूभाऊंना काही देत नाही. तेरवीला मात्र त्यांना बोलवावे. स्वयंपाक चंदाने करावा. आले तर नीट वाढावे, नाही आले तर वाट पाहू नये.

मी गेल्यावर मला अंघोळ घालणाऱ्या बायांनी भिऊ नये. चंदाला मागणी घालायला कोणी आले तर तिने माझा आजार लपवू नये, नाव सांगावे. तिला ते नीट म्हणता येते.

हे सर्व अर्जनवीस इसरू यांनी लिहून मला अंगणात वाचून दाखवले व ते बरोबर आहे. माझी जाऊ, म्हणजे लटारूभाऊंची बायको रुखमाबाई, हिला बोलावले नव्हते. ती आपण होऊन आली आणि "मी लावतो अंगठा" म्हणाली, म्हणून तिला साक्षीदार घेतले. चंदा साक्षीदार नाही. आधाराशिवाय मला बसवत नाही, म्हणून ती माझ्या पाठीला पाठ लावून बसली आहे.

आशाबाई बेवा गुणवंतराव गोहणे, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
१. वारलू भोयर, राहणार सावली, सही
२. रुखमाबाई भ्र. लटारू गोहणे, राहणार सावली, डाव्या हाताचा अंगठा

मुक्काम सावली, तारीख १२ फेब्रुवारी १९५८