एकदाच सांगितलं

१५ सप्टेंबर १९९१, रवि.

सकाळी गजाशेठ दारात. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी आत या म्हटलं नाही, त्यानंही पायरी चढली नाही.
"काय गो पोरी, तू म्हनं पान्याची डाक्तरीन झालीस?"
म्हटलं, भिवंडीत लॅबमध्ये आहे. पाणी तपासते.
"मंग आपल्या गावतळ्याचं पन बघ की. कमिटीनं यंदा माशांचं लय बीज सोडलंय. दसऱ्यानंतरचं जाळं असं लागंल, अंजूरपर्यंत बोलतील लोक."
तळं कमिटीचा चेअरमन अजून तोच. 'आपल्या' म्हणाला. आबा त्याचा आवाज ऐकून मागच्या दारानं निघून गेले, बनियनवरच.
पुढच्या रविवारी येते म्हटलं. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

१६ सप्टें.

कधीच लिहून ठेवलं नव्हतं, आता लिहिते. नुसतं झालं ते.
तीन वर्षांपूर्वी मी हॉस्टेलवर होते, मत्स्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. आबा, म्हणजे गावाचा भिवा, तळ्याचे राखणदार होते. नवरात्रात एका सकाळी तळ्यातले सगळे मासे उलटे झाले. गजाशेठ घाटाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, भिवानं औषध टाकलं, मी बाटली बघितली. कुणी विचारलं, तो का टाकेल? "त्या लोकांना आपली देवी नको, म्हनून." बौद्धवाड्यातली सात-आठ माणसं तिथंच उभी होती. एकही बोललं नाही.
सगळे मासे आबांनी एकट्यानं गोळा करून पुरायचे असं ठरलं. त्यांनी पुरले. वाटा बंद झाला. जाळं लागतं त्या दिवशी घाटावर प्रत्येक घराच्या नावानं पानावर मासे मांडतात, नाव पुकारतात. आमचं नाव तेव्हापासून पुकारत नाहीत.
रिक्षा पकडायला तळ्यावरूनच रस्ता आहे. आबा शेताच्या बांधावरून वळसा घालून जातात. पावसात चिखल असला तरी.

२२ सप्टें., रवि.

पहाटे उजाडायच्या आधी बाटल्या घेऊन गेले. पाणी वाटाण्याच्या आमटीसारखं हिरवं. हात बुडवला, मनगट बुडायच्या आत बोटं दिसेनाशी झाली. ऑक्सिजन लिटरला दोन मिलिग्रॅम. रोहू-कटल्याला निदान चार तरी हवा.
मासे जागेपेक्षा फार जास्त. वर रोज पेंड, शेण. दिवसा ऊन आहे तोवर हिरवं पाणी ऑक्सिजन बनवतं, रात्री तेच पितं. तीन-चार दिवस ढग धरून राहिले, वारा पडला, की संपलं. तीन वर्षांपूर्वी काय झालं असेल ते पायरीवर बसल्या बसल्या कळलं. बाटली नव्हती, औषध नव्हतं. हाच माणूस, हीच पेंड.
गजाशेठ कमिटीच्या दोघांना घेऊन आला. त्या दोघांसमोर स्पष्ट सांगितलं: घट बसायच्या आत निम्मे मासे काढा. पेंड बंद. शेण बंद. नाहीतर मरतील.
हसला. "नवरात्रात कोन मासा खातो गो? आनि देवीच्या आधी तळं नासवू? शिकल्यावर मानूस भित्रा होतो." दोघंही हसले.
त्या दिवसाचं काही बोलले नाही. आबांचं नावही काढलं नाही. काढायची वेळ ही नव्हे.

२४ सप्टें.

लॅबमध्ये तळ्याचे आकडे पुन्हा तपासले. यूसुफभाईंनी कागद बघितला. "मॅडम, ये किसका पानी है? इतने में मच्छी नहीं, मच्छर जिएगा."
म्हटलं, गाव का है.
"बोल दिया उनको?"
बोल दिया.
"फिर से बोलो. गाँववाले एक बार में नहीं सुनते."
डाइंगवाल्याचे नमुने पुढं ओढले.

३ ऑक्टो.

ठरलं. एकदा सांगितलं आहे, साक्षीदारांसमोर. दुसऱ्यांदा सांगणार नाही.
मी काही टाकणार नाही, काही काढणार नाही. बोटही लावणार नाही. जे व्हायचं ते तोच करतो आहे, रोज, टोपलीभर. मी फक्त तिथं असेन. सगळे असतील. आणि त्यानं पायरीवरून म्हटलं ते पायरीवरूनच मागं घ्यायचं.
एक गोष्ट मात्र करायला हवी. आबा गावात नकोत.

६ ऑक्टो., रवि.

आबांना कोन गावाला ताईकडं पोचवलं. दाजींना लूमवर रात्रपाळी लागली आहे, ताईची मुलं लहान, घरात कुणीतरी मोठं माणूस हवं, असं सांगितलं. रात्रपाळी खरी आहे. ताईनं बोलावलं मात्र नव्हतं. मीच तिला निरोप दिला होता.
आबा म्हणाले, "दसऱ्याला परत येईन हां. दीक्षेचा दिवस हाय, आपल्या विहारात मेणबत्ती लावायची."
हो म्हटलं.
परत येताना बांधावरून आले नाही. तळ्यावरून सरळ आले.

९ ऑक्टो.

काल घट बसले. पहाटे बायका देवीला निघाल्या तर मासे घाटाशी, तोंडं वर, उघडी. शेकड्यानं. सगळ्यांनी हात जोडले. इथं असंच मानतात, नवरात्रात मासे देवीला येतात. पोरांना कडेवर घेऊन कुरमुरे टाकत होते. "बघ, बघ, कसा हसतोय!"
मासा हसत नाही. श्वास मागतो.
गजाशेठनं पेंडीची अख्खी टोपली ओतली. "घ्या रे, सनाचे दिवस हायेत, पोटभर खा!" टाळ्या झाल्या.
मी टाळ्या वाजवल्या नाहीत. काही बोललेही नाही.

११ ऑक्टो.

दुपारपासून ढग. पाऊस नाही. पान हलत नाही.
रोज सकाळी ऑक्सिजन बघते. दीड.

१२ ऑक्टो., शनि.

ढग तसेच.
संध्याकाळी सुमनकाकी आली, आमच्या शेजारची. यंदा वाटा मोठा पडणार म्हणून लेक-जावयाला बोलावलंय. मसाला कुटायला आईचा खलबत्ता मागायला आली होती. जाताना आईला म्हणाली, "भिवादादांना सांग, डोकं यंदा पन मी धाडते."
दर वर्षी तिच्या वाट्यातलं कटल्याचं डोकं ती आमच्याकडं झाकून धाडते. आबा ते खात नाहीत, आई खाते. मला हे माहीत होतं. पण ठरवताना काकीचा वाटा माझ्या डोक्यात आला नाही. बौद्धवाड्यातल्या एकाही घराचा आला नाही.
आता वेळ गेली असं नाही. आत्ता जाऊन सांगितलं तर रात्रभर पंप लावून पाण्यात हवा खेळवता येईल.
गेले नाही.

१३ ऑक्टो., रवि.

जसं झालं तसं.
पहाटे पोचले तेव्हा एकही मासा उलटा नव्हता. सगळे वर होते. कडेच्या चिखलात झिंगे चढले होते. पाण्यात राहवेनासं झालं की ते असं करतात. मी वडाखाली उभी राहिले. बायका आल्या, कुरमुरे पडले, गजाशेठनं पेंड ओतली. मी बघत होते.
आधी कटले गेले, मोठे. पांढरी पोटं. मग एकदम बरेच.
गजाशेठ ओरडला. पहिले शब्द काय? "कुनीतरी औषध टाकलं! म्हातारा कुठाय? तो भिवा कुठाय?"
सुमनकाकी पुढं झाली. मी तिला काहीही सांगितलेलं नव्हतं. "भिवादादा आठवडा झाला कोनला. लेकीकडं. आता कुनाचं नाव घेतोस रं गजा?"
सगळ्यांच्या नजरा गजाशेठवर. याचीच मी वाट बघत होते. बरं वाटलं. तसं लिहिते, कारण तसं वाटलं.
मग तो माझ्याकडं वळला. "पोरी, सांग लवकर, काय करू?"
"आधी तुम्ही सांगा. तीन वर्षांपूर्वी कुणी मारले?"
"आता ही येळ हाय का?"
"हीच आहे."
"मासे मरतायत गो!"
"हो."
कमिटीतला एकजण म्हणाला, शेठ, बोलून टाक. दुसरा पाण्याकडं बघत राहिला. अजून पांढरी पोटं वर येत होती. गजाशेठ मान खाली घालून काहीतरी पुटपुटला.
म्हटलं, मागं ऐकू गेलं नाही.
गर्दीतली एक म्हातारी, त्याच्याच आळीतली: "आरतीला तर कानठळ्या बसवतोस, मेल्या. आता काय घशात काटा अडकला?" काही जण हसले.
तेव्हा मोठ्यानं म्हणाला. "भिवानं न्हाय मारले. आपसूक मेले व्हते. बाटली मी न्हाय बघितली."
मग मी सांगितलं. त्याच्या भेंडीच्या मळ्यावरचा डिझेल पंप आणा, पाइप उंच बांधा, तळ्याचंच पाणी वरून तळ्यात पडू द्या. कुरमुरे बंद. बांबू घेऊन पाणी झोडा. लूमवरून सुटलेली पोरं कपड्यांसकट उतरली. काकीचा मुलगा गळ्यापर्यंत पाण्यात, बांबू आपटतोय. ऊन वर आल्यावर उरलेले मासे खाली गेले.
निम्म्याहून जास्त मेले.
पुरायला मात्र सगळा गाव होता. गजाशेठसुद्धा. त्याच्या हातात फावडं मी स्वतः दिलं.

१४ ऑक्टो.

लॅबला गेले. हाताचा वास जात नाही, लिंबू लावलं.
संध्याकाळी आले तर आबा घरात. कुणीतरी कोनला बातमी पोचवली. तळ्यावरून आले म्हणे, भर रस्त्यानं. वाटेत दोघांनी राम राम केला, एकानं चहाला बसवलं. आई रडत होती आणि भाकऱ्या थापत होती.
हेच हवं होतं मला. हुबेहूब हेच.
सुमनकाकी आली नाही. खलबत्ता पोराच्या हाती परत धाडला.

१६ ऑक्टो.

आबा जेवताना बोलले. दोन दिवस विचार करत असावेत.
"तुला कवापासून ठावं व्हतं?"
"बावीस तारखेपासून. मी सांगितलं होतं त्यांना. कमिटीसमोर."
"किती येळा?"
"एकदा."
"एकदाच?"
भात कालवत राहिले. मग:
"मला कोनला त्याच्यासाठी धाडलंस."
तो प्रश्न नव्हता.
"तीन वर्सं मी सांगत आलो, आपल्या घरातून झालं न्हाय." ताट तसंच ठेवून उठले.
मी तळ्यात काही टाकलं नाही. हे त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तरी त्यांनी विचारलं असतं, मग वडाखाली काय करत होतीस. कुणीतरी बघितलं असणारच.

१८ ऑक्टो.

विहारात सगळे. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या. वंदना झाल्यावर आबांना पुढं बोलावलं, हार घातला. बौद्धवाड्यातले तेच सात-आठ, त्या दिवशी गप्प उभे राहिलेले, आता आबांच्या पाठीवर हात ठेवत होते. त्यांचाही मला राग आहे. तो अजून तसाच आहे.
आबांनी हार काढून ठेवला, लगेच.
कमिटीचा निरोप आला आहे. आबांनी पुन्हा राखणदार व्हावं आणि पुढच्या वर्षी किती बीज सोडायचं ते मी ठरवावं. गजाशेठ चेअरमन राहणार की नाही ते अजून ठरलेलं नाही. जे त्यानं मोठ्यानं म्हटलं त्यात 'मी खोटं बोललो' हे शब्द नव्हते. मी मोजून ऐकले आहेत.
आबांनी निरोपाला उत्तर दिलेलं नाही.

२० ऑक्टो., रवि.

आज जाळं. उरलेले काढले, लहान-मोठे सगळे. वाटे छोटे पडणार.
आबा अंगणात बसले आहेत, धुतलेला सदरा घालून. मला वाटलं निघतील. मी चप्पल घातली. म्हणाले, "मी न्हाय येत. तू जा."
"नाव तुमचं पुकारतील."
"जा. वाटा घे. पन घ्यायच्या आधी सांग त्यांना, तुला ठावं व्हतं ते. मोठ्यानं सांग, मागं ऐकू गेलं पाहिजे."
म्हटलं, आबा, असं सांगितलं तर गजाशेठ पुन्हा डोकं वर काढेल. जे मिळवलं ते सगळं जाईल.
"जाऊ दे."
"तुमचं नाव पण."
"माझं नाव?" असं म्हणून माझ्याकडं बघितलं. मग तळ्याच्या रस्त्याकडं बोट केलं.
गेले नाही. आत येऊन हे लिहिते आहे. चप्पल पायातच आहे. घाटावर पुकारणं सुरू झालं आहे, इथवर ऐकू येतं. सुमनकाकीचं झालं. तीनदा नाव घेतात. तिसऱ्यांदाही कुणी आलं नाही तर तो वाटा इतरांच्यात घालतात.
भिवा. गजाशेठचाच आवाज. मोठ्यानं.
आबा उठलेले नाहीत. दारातून दिसतात.
पुन्हा पुकारलं.