पाहुण्यांच्या खोलीतला भाऊ

तोरिनो (इटली), ३ मे

तीर्थस्वरूप वियोरिकाताईस तुझ्या स्थूलकाय बंधूचा, वाकवेल तितके वाकून, नमस्कार.

प्रकृती उत्तम. गवंडीकाम नियमित, गुडघे अनियमित. गाय व्याली का?

इथल्या वर्तमानपत्रांत आम्हा परदेशी मजुरांच्या संस्कृतीवर अखंड वाग्युद्ध चालते. वादाच्या विषयानेच अज्ञानी राहू नये, म्हणून ग्रंथालयात ग्रंथपाल ओर्नेल्लाबाईंकडे एखादा सकस ग्रंथ मागितला. त्या म्हणाल्या, "ओरडणारी पुस्तकं ढीगभर आहेत हो. ऐकून घेणारं हे एकच."

ग्रंथ खरोखर उत्कृष्ट! लेखिका आपल्या रुमेनियात हिंडून आम्हा मजुरांच्या मागे राहिलेल्या माणसांशी बोलली आहे. पृष्ठ दोनशे बारावर मात्र माझा पाषाण झाला. आपले गाव, आणि एक अनामिक भगिनी सांगते: "भाऊ ऑगस्टात येतो. घोरतो तर कोंबड्या उठतात. त्याला पाहुण्यांच्या खोलीत झोपवते, नक्षीच्या ताटात वाढते. गेला की हुश्श करते. आता आमचा कुठे राहिलाय तो? पण सांगू कसं?"

ताई, कोंबड्यांवरून ओळखले.

मी त्या खोलीला सन्मान समजत होतो! आपल्यापैकी तिथे कोण कधी निजले? बाबांचा मुक्काम झाला, तो थेट शवपेटीत.

मी रागावलेलो नाही. हे वाक्य तीनदा खोडून पुन्हा लिहिले आहे.

येत्या ऑगस्टात माझे अंथरूण स्वयंपाकघरात, चुलीपाशी, नातवंडांच्या रांगेत घाल. तिथे जागा नसेल, तर तसे स्वहस्ते कळव. छापील नको.

तुझाच (दुरुस्ती असल्यास सुचवावी),
सिल्व्हिउ