मागची खोली आणि तिच्यातलं स्टूल

मी, जडीबुटीचं दुकान चालवणारी विधवा बाई, हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. कुणी जबरदस्ती केलेली नाही, तशी कुणाची छातीही नाही. माझ्या मिळकतीची व्यवस्था माझ्यामागे अशी व्हावी.

१. सासूबाईंनी माझ्या नावावर केलेलं दुकान, वरची खोली आणि बँकेत असेल ते मुलीला. धाकट्या जावेने हक्क सांगू नये. 'असल्या दुखण्यांची कसली दुकानदारी' म्हणून जन्मभर नाक मुरडलंन, आणि स्वतःच्या पोटात कळ आली की मागच्या दाराने हजर. तिला ओव्याची बरणी द्यावी. बरणी परत मागावी.

२. खलबत्ता, चाळण्या मुलीला. पाळीतल्या कळांना ओवा, शेपा, आल्याचा काढा, शेक. आत घालायला काही द्यायचं नाही, कुणी कितीही मागो. अंगावरून फार जात असेल, वास असेल, ताप असेल तर पुडी बांधू नये, डॉक्टरीणबाईंकडे धाडावं. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

३. मागची खोली विकू नये, दार चिणू नये. कारण लिहिते. बायका लाजतात म्हणून सासूबाई काही विचारत नसत. बाईने स्टुलावर बसायचं, दुखेल तिथे हात ठेवायचा, तशी पुडी मिळायची. एकदा एका शिवणकामवालीने स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. मशीनवर वाकून भरला असेल म्हणून सासूबाईंनी तेल चोळलं. संध्याकाळच्या आत ती गेली. गर्भ नळीत राहून फुटला होता, आतल्या रक्ताने खांदा दुखत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाळी चुकलीय का, एवढं तरी विचारायचंत."

तेव्हापासून सकाळी दार उघडलं की स्टूल कोमट लागतं. चौकटीवर खांद्याच्या उंचीला तेलकट बोटं उमटतात. पुसली की पुन्हा. जाऊ म्हणाली, "उंदीर असतील."

म्हटलं, "उंदीर स्टूल उबवत बसतात होय?"

सासूबाईंनी खोलीत पाऊल टाकणं सोडलं. मग मीच रोज रिकाम्या स्टुलाला विचारायला लागले, "बाई, कुठे दुखतंय? पाळी चुकलीय का?" विचारलं की दिवस शांत जातो. मुलीनेही विचारावं, ही अट.

४. उत्तर कधी येत नाही. परवा आलं. दमलेला आवाज, अगदी जवळून. "तुमचं कुठे दुखतंय?"

माझी पाळी केव्हाच बंद झालीय, आणि आता पुन्हा डाग दिसतायत. पोरीलाही बोलले नव्हते. स्टुलाला सांगितलं. ते गार पडलं. आजही गारच आहे.

५. उद्या दवाखान्यात जाते. परत आले तर हा कागद मीच फाडीन. नाही आले तर मुलीने सकाळी स्टुलाला हात लावून बघावं. कोमट लागलं तर मी आहे असं धरून विचारावं. मी 'काही नाही' म्हणेन. पुन्हा विचारावं.

ठिकाण: मागची खोली. तारीख: आजची, दुपार.

सही: दुकानवाली

साक्षीदार: डॉक्टरीणबाई. वाचून म्हणाल्या, "उद्या कशाला, आत्ता चला."
साक्षीदार: शेजारची बेकरीवाली. उभ्यानेच सही केली. बस म्हटलं, तर स्टुलाला नुसता हात लावलान आणि 'कोमट आहे' म्हणत झटकन मागे घेतलान.